नव्वद सेकंदांचें गणित

विमानप्रवास ही गोष्ट आतां आपल्या घरांना नवलाईची राहिलेली नाहीं. चिरंजीव अमेरिकेंत नोकरीस, कन्येचा संसार इंग्लंडांत आणि सुनेच्या बाळंतपणाकरितां आजीबाई सातासमुद्रांपलीकडे निघालेल्या, हें चित्र पुण्याच्या पेठांत आणि मुंबईच्या दादर-पार्ल्यांत घरोघर दिसतें. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावें लागे तो काळ आमच्या पणजोबांचा. आज पणजीबाई स्वतः चाकांच्या खुर्चींत बसून विमानापर्यंत जातात. अशा प्रवासाची तयारी महिनाभर आधीं सुरू होते. मेतकूट किती न्यावयाचें, लोणच्याच्या बरण्या कोणत्या पेटींत घालावयाच्या, औषधें कोणाजवळ ठेवावयाचीं, याची चर्चा माजघरांत रंगते. परंतु विमानास कांहीं अपघात झाला तर त्यांतून बाहेर कसें पडावयाचें, हा प्रश्न कोणीहि काढीत नाहीं. आणि कोणीं काढलाच, तर "निघतेवेळीं अभद्र बोलूं नये" असें म्हणून त्याचें तोंड बंद करण्यांत येतें.

आमचें मत याच्या उलट आहे. चूल पेटवितांना पदर सांवरून घ्यावा असें सांगणारी आई अभद्र बोलत नसते. ती मुलीला शहाणपण शिकवीत असते. शिवाय विमान कोसळलें म्हणजे सर्व आटोपलें, तेथें शहाणपण काय कामाचें, ही जी सार्वत्रिक समजूत आहे तीच मुळीं खोटी आहे. १९८३ ते २००० या वर्षांत अमेरिकेंतील विमानकंपन्यांना झालेल्या ५६८ अपघातांचा हिशेब तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें मांडला आहे. त्या अपघातांत सांपडलेल्या ५३,४८७ माणसांपैकीं ५१,२०७ माणसें वांचलीं; म्हणजे शेंकडा पंचाण्णवांहून अधिक. पुष्कळ अपघात असे असतात कीं, विमान जमिनीवर असतें, माणसें धडधाकट असतात आणि प्रश्न उरतो तो एवढाच, कीं धूर आंत शिरण्यापूर्वीं सर्वांनीं दाराबाहेर पडावें कसें. तेथें दैवाचा भाग संपतो आणि माणसाचा सुरू होतो.

कायद्याची परीक्षा

विमान बांधणाऱ्यांना या प्रश्नाचें उत्तर कागदावर देऊन चालत नाहीं. तें प्रत्यक्ष करून दाखवावें लागतें. अमेरिकेंत १९६५ सालीं याविषयीं नियम झाला. प्रथम १२० सेकंदांची मुदत होती, ती १९६७ सालीं ९० सेकंदांवर आणण्यांत आली. ४४ हून अधिक आसनें असलेल्या विमानांत जितकीं माणसें बसूं शकतात तितकीं बसवावयाचीं, रात्रीसारखा अंधार करावयाचा, वाटेंत उशा, पांघरुणें आणि पिशव्या पसरून ठेवावयाच्या, आणि दारांपैकीं निम्मींच वापरावयाचीं. तीं कोणतीं हें प्रवाशांस किंवा विमानांतील सेवकांस आगाऊ सांगावयाचें नाहीं. एवढें करून शेवटचा माणूस नव्वद सेकंदांच्या आंत जमिनीवर आला, तर विमान उत्तीर्ण.

२००६ च्या मार्च महिन्यांत जर्मनींतील हँबुर्ग येथें एअरबस ए-३८० या दुमजली विमानाची अशी परीक्षा झाली. ८५३ प्रवासी आणि २० सेवक, मिळून ८७३ माणसें सोळांपैकीं आठ दारांनीं ७८ सेकंदांत खालीं आलीं. आपल्याकडील एखादें भरलेलें नाट्यगृह सव्वा मिनिटांत रिकामें होतें अशी वाचकांनीं कल्पना करावी, म्हणजे या पराक्रमाची किंमत कळेल. त्या गडबडींत एकाचा पाय मोडला आणि तीसएक जणांना किरकोळ दुखापती झाल्या, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

आतां आमच्या वाचकांनीं विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. हीं ८७३ माणसें होतीं कोण? नियमानें याचें उत्तर दिलें आहे. परीक्षेस बसणाऱ्यांत निदान शेंकडा ४० स्त्रिया असाव्यात, निदान शेंकडा ३५ माणसें पन्नाशीपुढचीं असावीत आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया निदान शेंकडा १५ असाव्यात. सर्वांची प्रकृति ठीक असावी. तान्ह्या मुलांच्या ऐवजीं खऱ्या बाळाएवढ्या मापाच्या तीन बाहुल्या कोणाकोणाच्या हातीं द्याव्यात. १९९३ पूर्वींच्या नियमांत बारा वर्षांखालील थोडीं मुलें आणि साठीपुढचीं थोडीं माणसें हवींत असें स्पष्ट म्हटलें होतें. तें पुढें काढून टाकण्यांत आलें.

हें काढून टाकण्यांत दुष्टावा नव्हता. ही परीक्षा खरोखरच धोक्याची आहे. १९९१ सालीं कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें मॅकडोनेल डग्लस कंपनीच्या एमडी-११ या विमानाची परीक्षा चालली असतां साठ वर्षांची एक स्त्री पडून जन्माची पंगु झाली. कोणाच्याहि लेकराला किंवा आजोबांना असल्या परीक्षेंत उतरविणें न्यायाचें नव्हे, हें उघड आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, ज्यांना बाहेर पडणें सर्वांत अवघड, तींच माणसें हिशेबांतून गळालीं. गुडघ्यांनीं जर्जर झालेली आजी, सहा महिन्यांची गर्भवती, कानानें अधू आजोबा, आईला घट्ट बिलगलेलें चार वर्षांचें पोर, इंग्रजी न समजणाऱ्या मावशी, यांपैकीं एकहि त्या नव्वद सेकंदांत मोजलेलें नाहीं. आणि आपलें कुटुंब म्हणजे तरी दुसरें काय? मधल्या वयाचीं, सुदृढ, एकमेकांस अनोळखी अशीं माणसें एकत्र आलीं म्हणजे परीक्षा होते. आजी, नातू, सून आणि दीर एकत्र आले म्हणजे कुटुंब होतें.

वय, देह आणि दार

माणसामाणसांतील भेद दाराशीं किती महत्त्वाचे ठरतात, याविषयीं आतां पुष्कळ माहिती गोळा झाली आहे. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याची एक संशोधनशाळा ओक्लाहोमा सिटी येथें आहे. विमानाच्या पंखावर उघडणारें जें लहान खिडकीवजा दार असतें, त्यांतून माणसें कशीं बाहेर पडतात हें तेथें अडीच हजारांवर माणसांना प्रत्यक्ष बाहेर काढून पाहण्यांत आलें. वाट किती रुंद ठेवावी हा मुख्य प्रश्न होता. परंतु बाहेर पडणाऱ्याचा कमरेचा घेर, त्याचें वय आणि तो पुरुष कीं स्त्री, या गोष्टींचाहि वेगावर मोठा परिणाम होतो असें दिसून आलें. वांकून, एक पाय उंच उचलून, अंग चोरून बाहेर पडणें हें तरुणाला क्षणाचें काम; साठीच्या माणसाला तोच एक प्रयास. मधली वाट एवढी अरुंद असते कीं, एक जण थबकला म्हणजे मागची सर्व रांग थबकते. म्हणून एका माणसाचा संथपणा हा त्याच्या एकट्याचा राहत नाहीं.

परंतु केवळ म्हातारपणाला दोष देऊन भागत नाहीं. २२ ऑगस्ट १९८५ रोजीं इंग्लंडांतील मँचेस्टर येथें ब्रिटिश एअरटूर्स कंपनीचें बोइंग ७३७ विमान ग्रीसमधील कोर्फू बेटाकडे सुट्टीचे प्रवासी घेऊन निघालें होतें. धावपट्टीवर वेग घेत असतांनाच डावें इंजिन फुटलें व पेट घेतला. वैमानिकानें विमान थांबविलें. तें जमिनीवरून उचललेंहि नव्हतें. तरी १३७ पैकीं ५५ माणसें दगावलीं, आणि त्यांतील बहुतेक धुरानें. उजव्या बाजूचें पुढचें दार प्रथम अडकलें. पंखावरच्या दाराशीं बसलेल्या तरुण प्रवासिनीस तें कसें उघडावें हें कळेना. अखेर उघडलें तेव्हां त्याचें सुमारें बावीस किलो वजनाचें झांकण आंत तिच्याच अंगावर पडलें. पुढच्या दाराकडे जाणारी वाट दोन आडभिंतींच्या मधून जात होती, आणि त्या फटींत माणसें दाटलीं.

या अपघातानंतर क्रॅनफील्ड येथील हेलन म्यूर या विदुषींनीं एक मार्मिक प्रयोग केला. विमानांत माणसें बसवून त्यांनीं त्यांना बाहेर पडावयास सांगितलें. तीं शिस्तीनें बाहेर पडलीं. मग, जे पहिल्या निम्म्यांत बाहेर येतील त्यांना पांच पौंड अधिक मिळतील असें जाहीर केलें. त्याबरोबर तींच शहाणीं माणसें आसनांवरून उड्या मारूं लागलीं, एकमेकांस रेटूं लागलीं, आणि अरुंद वाटेंत अशीं अडकलीं कीं कोणासच हलतां येईना. पांच पौंडांकरितां जें झालें तें प्राणांकरितां काय होईल, हें सांगावयास नकोच. वाट रुंद ठेवली तर ही दाटी पुष्कळ कमी होते हें त्यांनीं दाखवून दिलें, आणि नियमांत त्याप्रमाणें सुधारणा झाल्या. पुढें त्यांनीं असेंहि दाखविलें कीं, दाराशीं उभा असलेला सेवक ठामपणें ओरडून हुकूम देत असेल तर माणसें लवकर बाहेर पडतात. तो सौम्यपणें बोलूं लागला तर वेळ लागतो. आमच्या वडीलधाऱ्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. एरवीं नमस्कार करून चहा देणारी पोर त्या प्रसंगीं "उडी मारा! पुढें व्हा!" म्हणून आजोबांवर ओरडेल. तो उद्धटपणा नव्हे. तीच तिची विद्या आहे.

मायेची दोरी

आतां सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळूं. कुटुंबाची माया अशा प्रसंगीं तारते कीं मारते?

२ ऑगस्ट १९७३ रोजीं आयल ऑफ मॅन बेटावरील डग्लस गांवीं समरलँड नांवाच्या करमणूकगृहास आग लागली व ५० माणसें मृत्युमुखीं पडलीं. जोनाथन साइम या संशोधकानें वांचलेल्यांच्या हकीगती तपासल्या. संकटांत माणूस सैरावैरा जवळच्या दाराकडे धांवतो, ही कल्पना त्यांत टिकली नाहीं. माणूस आपल्या माणसांकडे धांवतो. मुलें दुसऱ्या मजल्यावर असलीं तर आईबाप हाताशीं असलेलें दार सोडून, लोंढ्याच्या उलट दिशेनें मुलांकडे जातात. जें कुटुंब पहिल्यापासून एकत्र असतें तें एकत्र बाहेर पडतें. जें विखुरलेलें असतें तें आधीं एकत्र होऊं पाहतें. हें इमारतींत झालें. विमानांतील माणूस कांहीं निराळ्या मातीचा नसतो. इंग्लंडांतील ग्रीनिच विद्यापीठाचे एडविन गॅलिआ यांनीं विमानांतून बाहेर पडण्याचें चित्र संगणकावर उभें करण्याची जी पद्धत बसविली आहे, तींत प्रत्येक प्रवाशाचें वय, चपळाई आणि स्वभाव निरनिराळे धरावे लागतात तें याचकरितां. माणसें म्हणजे नळींतून वाहणारें पाणी नव्हे.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, माया हा दोष नव्हे. विस्कळीत माया हा दोष आहे. बारा जणांचें कुटुंब सात रांगांत विखुरलेलें असलें आणि कोणीं कोणाला धरावयाचें हें ठरलेलें नसलें, तर बाराहि जण एकमेकांस हांका मारीत वाट अडवितील. तेंच कुटुंब दोघांदोघांच्या जोड्या करून बसलें असेल, तर एकेक जोडी पुढें सरकेल आणि मागच्यांची वाट मोकळी होईल. आपल्या घरीं सर्व मंडळी आल्याखेरीज पंगत बसत नाहीं, हा संस्कार चांगला; परंतु ही पंगत विमानाबाहेर, लांब मोकळ्या जागेंत मांडावयाची, आंत नव्हे. तसेंच "आधीं आपण, आधीं आपण" हा शिष्टाचार दाराशीं करूं नये. वडील माणसांना आमची हात जोडून विनंती आहे कीं, "माझें काय राहिलें आहे, तुम्ही पुढें व्हा" असें म्हणून त्यांनीं वाटेंत थांबूं नये. त्यांना टाकून मुलगा पुढें जाणार नाहीं, हें तेहि जाणतात. त्यांचा त्याग म्हणजे मुलाच्या पायांत घातलेली बेडी होय.

दोन विमानें, दोन धडे

३ ऑगस्ट २०१६ रोजीं तिरुवनंतपुरमहून निघालेलें एमिरेट्सचें बोइंग ७७७ विमान दुबईस उतरतांना धावपट्टीवर आपटलें व पेटलें. आंत ३०० माणसें होतीं, आणि त्यांतील बहुसंख्य आपलेच भारतीय बांधव. सर्व बाहेर पडले ही परमेश्वराची कृपा. परंतु तेव्हांचीं आंतील दृश्यें पाहिलीं तर अंगावर कांटा येतो. धूर भरत असतां माणसें डोक्यावरचे कप्पे उघडून पिशव्या काढीत होतीं. विमान पुढें स्फोट होऊन जळालें आणि आग विझविणारा एक तरुण त्यांत बळी पडला. हा दोष आपल्याच लोकांचा असें मात्र समजूं नये. अमेरिकन मंडळानें २००० सालीं ४६ प्रसंगांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हां तेथील जवळजवळ निम्म्या प्रवाशांनीं हातसामान नेण्याचा प्रयत्न केल्याचें आढळलें होतें. मोह सर्व देशांत सारखाच आहे.

उलट २ जानेवारी २०२४ ची गोष्ट पाहावी. तोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचें विमान उतरत असतां धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळलें. लहान विमानांतील सहांपैकीं पांच जण गेले. मोठ्या विमानांत ३६७ प्रवासी व १२ सेवक होते. प्रवाशांत दोन वर्षांखालील आठ बालकें होतीं. आंतील ध्वनिवर्धक बंद पडला. आठ दारांपैकीं तीनच वापरण्याजोगीं उरलीं. सेवकांनीं हातांतले कर्णे घेऊन आणि घसा फोडून हुकूम दिले. प्रवासी जागेवर थांबले, पिशव्यांना हात न लावतां उठले आणि एकेक करून घसरगुंडीवरून उतरले. सर्वांत शेवटीं मुख्य वैमानिक उतरला तेव्हां विमान उतरल्यास सुमारें अठरा मिनिटें झालीं होतीं. नव्वद सेकंदांचा हिशेब केव्हांच मोडला होता. परंतु आग आंत शिरण्यास वेळ लागला आणि तेवढ्या वेळाचा एकहि क्षण भांडण्यांत गेला नाहीं. ३७९ च्या ३७९ माणसें वांचलीं. त्यांत म्हातारे होते, मुलें होतीं. भेद तेच होते. शिस्तीनें ते झांकले गेले.

तथापि सर्व भार प्रवाशांच्या शिस्तीवर टाकून कायदा मोकळा होऊं शकत नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेच्या सिनेटमध्यें टॅमी डकवर्थ या बाईंनीं, परीक्षेंत मुलें, वृद्ध, अपंग आणि भाषा न समजणारीं माणसें यांचाहि विचार व्हावा, अशी मागणी करणारें विधेयक मांडलें. या बाईंचे स्वतःचे दोन्ही पाय २००४ सालीं इराकच्या युद्धांत गेले आहेत. तेव्हां हा प्रश्न त्यांना पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. प्रत्यक्ष वृद्धांना घसरगुंडीवरून ढकलूं नये हें खरें, परंतु त्यांचा संथपणा हिशेबांत धरण्यास संगणक आज समर्थ आहे. ज्यांचें भाडें पूर्ण घेतलें जातें त्यांना गणितांतून वगळणें योग्य नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

घरांत काय ठरवावें

कायदा बदलेल तेव्हां बदलेल. घरची व्यवस्था आजच करतां येते. प्रवासापूर्वीं एक संध्याकाळ बसून जोड्या ठरवाव्यात. प्रत्येक वृद्धामागें एक सुदृढ माणूस आणि प्रत्येक लहान मुलामागें एकच निश्चित माणूस असावा. आई कीं बाबा, हा वाद विमानांत नको. तिकिटें काढतांनाच त्या जोडीचीं आसनें शेजारीं घ्यावीत. संकटकाळच्या दारालगतचीं आसनें पाय पसरावयास सोयीचीं असलीं तरी वृद्धांकरितां मागूं नयेत. तेथें दार उघडूं शकणारा माणूसच हवा. चालतां न येणाऱ्यांनीं तसें सेवकांस आधींच सांगावें व आपणांस कोणत्या दारानें, कोणाच्या मदतीनें नेणार तें विचारून घ्यावें. त्यांत संकोच कसला?

आसनावर बसल्यावर पुढचें व मागचें दार किती रांगांवर आहे तें मोजून ठेवावें. धुरांत डोळे निरुपयोगी होतात, पाठींवर हात ठेवीत मोजलेल्या रांगा उपयोगी पडतात. आपल्यालगतचें दार पाठीमागेंहि असूं शकतें. पट्टा सोडण्याचा सराव म्हाताऱ्यांकडून दोनदां करवून घ्यावा. मोटारींतल्या पट्ट्याची कळ दाबावयाची असते, येथें झांपण उचलावयाची असते, आणि घाबरलेला हात जुन्या सवयीवर जातो. पारपत्र, चष्मा आणि रोजच्या गोळ्या कमरेच्या कसणींत किंवा अंगावरच्या खिशांत असाव्यात, म्हणजे पिशवीचा मोह उरत नाहीं. विमान उठतांना व उतरतांना पायांत सपाट जोडा असावा. उंच टांचेचा जोडा घसरगुंडीवर चढण्यापूर्वीं काढून टाकावा लागतो. कपडे सुती किंवा लोकरी बरे. कृत्रिम धाग्याचें वस्त्र आंचेनें वितळून अंगास चिकटतें. साडी नेसलेल्या भगिनींनीं पदर खोंचून घ्यावा. या एका बाबतींत आमच्या आजीची कासोट्याची नऊवारी सहावारीपेक्षां अधिक आधुनिक ठरते. घसरगुंडीच्या तोंडाशीं बसूं नये; मूल छातीशीं घट्ट धरून उडी घ्यावी. विमान पाण्यावर उतरलें तर तरंगण्याचें जाकीट आंत फुगवूं नये, दाराबाहेर पडतांना फुगवावें. १९९६ सालीं कोमोरो बेटांजवळ समुद्रांत पडलेल्या इथिओपियन विमानांत कित्येकांनीं तें आधींच फुगविलें आणि पाणी भरतांच ते छताशीं अडकून राहिले.

आणि शेवटची सूचना सर्वांत सोपी. उड्डाणापूर्वीं सेवक जी माहिती सांगतात ती लक्ष देऊन ऐकावी. २००९ सालीं न्यूयॉर्कच्या हडसन नदींत उतरलेल्या विमानांतील १५५ च्या १५५ माणसें वांचलीं. तरी चौकशींत असें निघालें कीं, सुमारें शेंकडा ७० प्रवाशांनीं ती माहिती मुळीं पाहिलीच नव्हती. आपल्या घरांत ज्या मुलांना इंग्रजी-हिंदी येतें, त्यांनीं तीं दोन मिनिटें कानांतील गाणें बंद करून आजीला तीच माहिती मराठींत समजावून सांगावी. आजीनें रामरक्षा अवश्य म्हणावी. परंतु ती माहिती ऐकून झाल्यावर.